चांदीचे डॉलर आणि कपाटभर खोकी

वाचकांचे पत्र, थोडक्यात: न्यू जर्सीत चार दशके राहिलेल्या एका वाचक भगिनींचे यजमान गेल्या वर्षी वारले. त्यांना अमेरिकी चांदीचे डॉलर जमवण्याचा नाद होता. 1986 पासून ते दरवर्षी टांकसाळीकडून सिल्व्हर ईगल या चांदीच्या डॉलरचे प्रूफ नाणे (संग्राहकांसाठी आरशासारख्या पृष्ठभागाचे पाडलेले) मागवत आणि दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर ठेवत. आता घर विकून मुलाकडे टेक्सासला जायचे आहे. कपाटात ईगलच्या तीसेक मखमली डब्या प्रमाणपत्रांसह आहेत, तपकिरी खोक्यांतले आणि निळ्या पाकिटांतले आयझेनहॉवर डॉलर आहेत, काळ्या प्लास्टिकमध्ये बसवलेले कार्सन सिटीचे दोन मॉर्गन डॉलर आहेत, वीस-वीस नाण्यांच्या काही नळ्या आहेत आणि सोनेरी अक्षरांच्या प्रमाणपत्रासह एका देखण्या पेटीत पाच सुटे मॉर्गन आहेत. मुलगा म्हणतो, नाणी एका डब्यात भर आणि खोकी टाकून दे. जवळच्या नाणे-व्यापाऱ्याने सगळ्याचा भाव चांदीच्या वजनावर सांगितला आणि खोक्यांकडे पाहिलेही नाही. यजमानांचे मित्र मात्र बजावतात की एकही खोके टाकू नका, निम्मी किंमत त्यातच आहे. काही नाणी डबीतच पिवळसर-तपकिरी पडली आहेत, आणि नणंदबाईंचा सल्ला आहे की विकण्यापूर्वी ती रांगोळीने घासून लख्ख करावीत. प्रश्न असा की, मूळ खोके नसेल तर नाण्याची किंमत खरोखर घटते का, आणि या तिघाचौघांपैकी कोणाचे ऐकावे?

सप्रेम नमस्कार,

नणंदबाईंचे सोडून बाकी तिघांचे म्हणणे थोडेथोडे खरे आहे. मात्र ते तिघे तीन वेगळ्या नाण्यांविषयी बोलत आहेत आणि तुम्हाला वाटते आहे की ते एकाच प्रश्नाचे उत्तर देत आहेत. ‘खोक्याला किंमत आहे का’ या प्रश्नाला सरसकट ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर नाही. नाणे स्वतःच्या अंगावर जे सांगू शकत नाही ते खोके सांगत असेल, तर बाजार त्याचे पैसे देतो. नाणे सगळे स्वतःच सांगत असेल, तर खोक्याचे फारसे काही मिळत नाही. ही एक कसोटी हातात धरून आपण तुमच्या कपाटातल्या वस्तू पाहू.

सर्वांत देखणी पेटी आधी घेतो, कारण तिच्यातच सर्वांत कमी अर्थ आहे. मॉर्गन डॉलर 1878 ते 1904 आणि पुन्हा 1921 मध्ये पाडले गेले, आणि टांकसाळीतून ते हजार-हजार डॉलरच्या कापडी पिशव्यांतून बाहेर पडले. त्या काळात सुट्या मॉर्गनला टांकसाळीने कधी डबी दिली नाही, त्यामुळे त्याच्या बाबतीत ‘मूळ खोके’ ही वस्तूच अस्तित्वात नाही. तुमच्याकडची मखमली पेटी आणि तिच्यातले सोनेरी प्रमाणपत्र हे नंतरच्या काळात कोणा खासगी विक्रेत्याने विक्रीच्या सोयीसाठी केलेले असणार. ते फेकले तरी नाण्याची किंमत पैशानेही घटणार नाही. त्या पाच नाण्यांवरचे साल, टांकसाळीचे चिन्ह आणि झीज एवढेच पाहायचे. (टांकसाळीने 2021 मध्ये मॉर्गन आणि पीस डॉलर पुन्हा काढले, त्यांना मात्र टांकसाळीची स्वतःची डबी आणि प्रमाणपत्र आहे. तुमच्या पेटीतल्या नाण्यांवर 2021 किंवा त्यापुढचे साल असेल, तर हा परिच्छेद त्यांना लागू नाही.)

नळ्यांतली नाणी म्हणजे बुलियन ईगल, अर्थात गुंतवणुकीसाठी काढलेले एक ट्रॉय औंस (सुमारे 31.1 ग्रॅम) शुद्ध चांदीचे नाणे. अमेरिकी टांकसाळ ती सामान्य ग्राहकाला थेट विकत नाही. ठरलेल्या मोठ्या खरेदीदारांना ती पाचशे नाण्यांच्या पेटीतून देते, आणि त्या पेटीत वीस नाण्यांच्या पंचवीस नळ्या असतात. म्हणजे नळी हेच त्यांचे मूळ वेष्टन. एखादे बुलियन ईगल सुंदर डबीत मिळाले असेल तर ती डबी दुकानदाराची समजावी. नळ्या आहेत तशा ठेवाव्यात, कारण त्यांतून नाणी एकमेकांवर घासत नाहीत आणि विकताना मोजणीही सोपी जाते. यांपलीकडे त्यांची भावनिक चर्चा करण्याचे कारण नाही. इथे तुमच्या व्यापाऱ्याचे म्हणणे जवळजवळ पूर्ण बरोबर आहे.

आता त्या दोन काळ्या प्लास्टिकच्या खोळींकडे या, आणि इथे सावकाश या. नेवाडा राज्यातल्या कार्सन सिटीच्या टांकसाळीने 1870 ते 1893 या काळात नाणी पाडली आणि तिच्या नाण्यांवर ‘सीसी’ असे चिन्ह असते. मॉर्गन डॉलरांच्या बाबतीत किती पाडले गेले आणि किती उरले यांचा मेळ कधीच बसत नाही, कारण 1918 च्या पिटमन कायद्याखाली 27 कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले गेले. त्यांतली बहुतेक चांदी ब्रिटनला विकली गेली ती पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात रुपये पाडण्यासाठी. आपल्या आज्या-पणज्यांच्या गाठीतल्या एखाद्या रुपयात मॉर्गनची चांदी असणे अगदी शक्य आहे. अशा वितळणीतून वाचून कार्सन सिटीची लाखो नाणी अमेरिकी कोषागारात पिशव्यांत पडून राहिली. 1964 मध्ये चांदीच्या नोटांच्या (सरकारला देऊन चांदीचा डॉलर घेता येई अशा नोटांच्या) बदल्यात डॉलर देणे थांबवले, तेव्हा उरलेल्या साठ्यात सुमारे 29 लाख डॉलर निघाले आणि त्यांतले बहुतेक कार्सन सिटीचे होते. ते जनतेला विकण्याचे काम जनरल सर्व्हिसेस अॅडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्याकडे आले. त्या खात्याने 1972 पासून टप्प्याटप्प्याने 1980 पर्यंत ती नाणी कडक प्लास्टिकच्या खोळीत, खोक्यात आणि सोबतच्या छापील कार्डासह विकली. नाणेबाजारात त्यांना आजही ‘जीएसए डॉलर’ म्हणतात.

इथे खोळ जे सांगते ते नाणे एकटे सांगू शकत नाही. हे नाणे कधीही बाजारात फिरले नाही, सरकारी तिजोरीतून थेट इथे आले, ही साक्ष त्या प्लास्टिकची आहे, आणि संग्राहक त्या साक्षीसाठी वेगळे पैसे देतात. म्हणून जीएसए खोळ फोडून नाणे काढणे म्हणजे स्वतःच्या हाताने किंमत उतरवणे होय. खोके आणि कार्ड सोबत असेल तर आणखी बरे, पण मोल मुख्यतः खोळीचे आहे. खोळीतले साल मात्र नीट वाचा. 1884 ची 11,36,000 कार्सन सिटी नाणी पाडली गेली आणि त्यांतली 9,62,638 या सरकारी साठ्यातच निघाली, त्यामुळे ते साल खोळीसकट मिळणे अवघड नाही. उलट 1879 ची जेमतेम 4,100 च्या आसपास नाणी त्या साठ्यात होती. तसले साल तुमच्याकडे निघाले तर ते व्यापाऱ्याच्या काउंटरवर ठेवून घरी परतू नका. आणखी एक सावधगिरी सांगतो. या खोळी उघडता येतात आणि आतले नाणे बदलता येते, म्हणूनच प्रतवारी करणाऱ्या मोठ्या संस्था नाणे खोळीतच ठेवून, तपासून, वरून आपली पट्टी चिकटवून देतात. चांगल्या सालासाठी तो खर्च वसूल होतो. तुमच्या व्यापाऱ्याने या दोन नाण्यांचाही भाव वजनावर सांगितला असेल, तर त्याला एक तर हा प्रांत कळत नाही किंवा फार चांगला कळतो, आणि दोन्ही परिस्थितींत तुम्ही दुसरीकडे विचारलेले बरे.

आयझेनहॉवर डॉलरांचे प्रकरण याच्या अगदी उलट आहे आणि कसोटी म्हणून उपयोगी आहे. 1971 पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीने संग्राहकांसाठी 40 टक्के चांदीचे आयझेनहॉवर डॉलर काढले. प्रूफ नाणे तपकिरी खोक्यात दहा डॉलरला मिळे आणि साधे चकचकीत नाणे निळ्या पाकिटात तीन डॉलरला. बाजारात त्यांना आजही ‘ब्राउन आइक’ आणि ‘ब्लू आइक’ म्हणतात, म्हणजे नाण्याला नावच खोक्यावरून पडले आहे. तरीही खोक्याला किंमत थोडीच, कारण एक तर ही नाणी विपुल आहेत (एकट्या 1971 ची प्रूफ 42 लाखांवर आहेत), आणि दुसरे म्हणजे खोके जे सांगते ते तराजूही सांगतो. 1973 पासून याच टांकसाळीचे, त्याच चिन्हाचे, पण चांदी नसलेले प्रूफ आयझेनहॉवरही निघू लागले. चांदीचे नाणे 24.59 ग्रॅम भरते आणि बिनचांदीचे 22.68 ग्रॅम. शिवाय बिनचांदीच्या नाण्याच्या कडेला तांब्याची लाल रेघ दिसते. तरी निळी पाकिटे फोडू नका, असेच मी म्हणेन, पण त्यासाठी झोप घालवू नका.

आता प्रूफ ईगल, म्हणजे तुमच्या कपाटाचा मोठा भाग. यांना टांकसाळीची स्वतःची डबी, कॅप्सूल, बाहेरचे पुठ्ठ्याचे आवरण आणि प्रमाणपत्र असते. व्यापारी या सगळ्याला मिळून ‘ओजीपी’ म्हणतात, म्हणजे मूळ सरकारी वेष्टन. संपूर्ण वेष्टनासह असलेले नाणे संग्राहकाला विकणे सोपे जाते आणि सुट्या नाण्यापेक्षा काही डॉलर अधिक मिळतात, पण ‘निम्मी किंमत’ हे यजमानांच्या मित्रांचे म्हणणे इथे लागू पडत नाही. 1986 चे प्रूफ ईगल 14 लाखांहून अधिक निघाले, त्यामुळे त्याची किंमत मुख्यतः चांदीवर आणि नाण्याच्या अवस्थेवर राहते. 1994 चे मात्र 3,72,168 च निघाले, ते वेष्टनासह वेगळे काढून ठेवा. आणि 2009 ची डबी सापडली नाही तर शोधत बसू नका, त्या वर्षी टांकसाळीने प्रूफ ईगल काढलेच नव्हते.

प्रमाणपत्राविषयी तुमच्या पत्रात एक गृहीत दडलेले दिसते, की ते नाण्याच्या अस्सलपणाचा पुरावा आहे. बहुतेक ईगलच्या प्रमाणपत्रांवर नाण्याची ओळख पटवणारा कोणताही क्रमांक नसतो. दुकानाच्या छापील पिशवीवरून आतली साडी त्याच दुकानातली आहे असे जसे सिद्ध होत नाही, तसेच हे आहे, आणि रिकाम्या डब्या व सुटी प्रमाणपत्रे ऑनलाइन खुशाल विकली जातात, हे लक्षात घेतले की हा पुरावा किती पातळ आहे ते कळते. 1995 चे ‘डब्ल्यू’ चिन्हाचे, म्हणजे वेस्ट पॉइंट टांकसाळीचे, प्रूफ ईगल याचे ठळक उदाहरण आहे. ते सुटे विकले गेलेच नाही, दशकपूर्तीच्या सोन्याच्या नाण्यांच्या संचातूनच आले, 30,125 निघाले आणि म्हणून सर्वांत महाग आहे. याच कारणाने त्याच्या बनावट प्रतीही फिरतात, आणि तिथे डबी असून-नसून सारखीच असते. खरेदीदार स्वतंत्र प्रतवारी मागतो. याला अपवाद आहेत. 2019 चे सॅन फ्रान्सिस्कोचे तीस हजारांच्या मर्यादेचे विशेष प्रूफ क्रमांक घातलेल्या प्रमाणपत्रासह आले होते, आणि तिथे तो कागद हरवणे खरोखर महागात पडते. तुमच्या कागदांपैकी ज्यांवर हाताने किंवा यंत्राने घातलेला वेगळा क्रमांक दिसेल, तेवढे बाजूला काढा.

स्वतंत्र प्रतवारी म्हणजे पीसीजीएस किंवा एनजीसी यांसारख्या संस्थेने नाणे तपासून, 70 पर्यंतच्या मोजपट्टीवर प्रत ठरवून, सीलबंद प्लास्टिकमध्ये बसवून देणे. एकदा नाणे त्या ‘स्लॅब’मध्ये गेले की टांकसाळीच्या डबीचे महत्त्व जवळजवळ संपते, कारण अस्सलपणाची आणि अवस्थेची साक्ष आता दुसऱ्याने दिलेली असते. मात्र म्हणून तीसही नाणी पाठवू नका. शुल्क, टपाल आणि विमा मिळून प्रत्येक नाण्यामागे होणारा खर्च साध्या सालांच्या नाण्यांत परत येत नाही, कारण प्रूफ ईगलना 69 ही प्रत अगदी सर्रास मिळते. 1995 चे नाणे निघाले तर ते, आणि कार्सन सिटीच्या दोन नाण्यांपैकी जे साल दुर्मीळ असेल ते, एवढ्यांचाच विचार करा.

नणंदबाईंचा सल्ला मात्र कृपा करून ऐकू नका. देवघरातली चांदीची समई रांगोळीने घासली तर ती उजळते, पण नाण्यावर, विशेषतः प्रूफच्या आरशासारख्या पृष्ठभागावर, रांगोळीचा, टूथपेस्टचा किंवा चिंचेचा एक हात फिरला की हजारो बारीक ओरखडे उमटतात, आणि मग ते नाणे कायमचे ‘घासलेले’ म्हणून चांदीच्या भावातच जाते. हा तोटा भरून येत नाही. तुमचे नाणे तपकिरी पडले आहे ते बहुधा हवेतल्या आणि पुठ्ठ्यातल्या गंधकामुळे. तो रंग कधीकधी संग्राहकांना आवडतोही. हिरवट, चिकट थर दिसला तर ती गोष्ट वेगळी. तो मऊ पीव्हीसी प्लास्टिकमधून सुटलेल्या रसायनाचा असतो आणि नाणे खातो, म्हणून तसले नाणे तातडीने त्या प्लास्टिकमधून काढून जाणकाराकडे द्यावे. तो थर न घासता विरघळवण्याची पद्धत आहे आणि मोठ्या प्रतवारी संस्थांकडे त्यासाठी वेगळे विभाग आहेत.

यावरून तुमच्या लक्षात येईल की ‘मूळ खोके म्हणजे सुरक्षित जागा’ हेही सरसकट खरे नाही. टांकसाळीची कडक कॅप्सूल चांगली असते, पण भोवतालचा पुठ्ठा आणि कागद वर्षानुवर्षे नाण्याजवळ ठेवण्याजोगे असतातच असे नाही. खोके जपायचे आणि नाणे त्याच्यातच ठेवायचे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाग नाणी सुरक्षित प्लास्टिकमध्ये ठेवून त्यांची खोकी शेजारी, सालाची चिठ्ठी लावून ठेवता येतात. टेक्सासची उष्णता लक्षात घेता यांतले काहीही माळ्यावर ठेवू नका. आवराआवर करताना डब्यांना रबरबँड लावू नका, त्यात गंधक असते आणि चांदी त्याच्या शेजारी पटकन काळवंडते. वर्तमानपत्रात गुंडाळणेही टाळा. डांबराच्या गोळ्या त्या कपाटात असतील तर आजच काढा.

आता तुमच्या मुलाचे म्हणणे. त्याला पसारा नको आहे, आणि घर बदलताना हा आग्रह रास्त आहे. पण थोडा हिशेब करा. ईगलची एक डबी साधारण तळहाताएवढी असते, आणि तीस डब्या सामान हलवण्याच्या एका लहानशा खोक्यात मावतात. म्हणजे कपाटभर दिसणारा पसारा प्रत्यक्षात एका खोक्याचा आहे. फेकलेली डबी परत मिळत नाही, ठेवलेली डबी केव्हाही फेकता येते, एवढा फरक त्याला सांगितला तर तो ऐकेल. मॉर्गनची देखणी पेटी आणि दुकानदारांच्या बाकीच्या डब्या त्याच्या समाधानासाठी टाकून द्या. बाहेरची टपालाची खोकीही जाऊ द्या, मात्र एखादे टांकसाळीचे टपाल-खोके अद्याप उघडलेलेच नसेल, तर ते विकण्याचा निर्णय होईपर्यंत तसेच राहू द्या, न उघडलेल्या खोक्यांना वेगळे गिऱ्हाईक असते.

लक्ष्मीपूजनात ज्या नाण्यांना हळदीकुंकू लागले आहे त्यांचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण पत्रात तो आहे. कॅप्सूल उघडून थेट नाण्याला कुंकू लावले असेल, तर प्रूफ म्हणून त्याचे मोल बहुधा गेलेच आहे आणि ते पुसण्याने आणखी जाईल. मला वाटते, ही नाणी विक्रीच्या यादीतून आधीच वगळावीत. तेवढ्यांना चांदीचा भाव केव्हाही मिळेल, आणि घरात दरवर्षीच्या पूजेला ती हवीच असतील. मूळ खोकेही त्यांना नको, ती देव्हाऱ्यात राहू द्या.

भारतात असलेल्या ज्या वाचकांकडे अशी नाणी नातेवाईकांकडून आली आहेत, त्यांच्यासाठी दोन वाक्ये. आपला सराफ वजन आणि कस पाहतो, त्यामुळे त्याच्या दुकानात कार्सन सिटीची खोळ आणि दुकानदाराची मखमली पेटी या दोहोंची किंमत सारखीच, म्हणजे शून्य आहे. म्हणून विकण्यापूर्वी नाणे कोणत्या प्रकारचे आहे ते वर सांगितल्याप्रमाणे ठरवावे. मुंबई टांकसाळीच्या जुन्या प्रूफ संचांनाही हाच विचार लागू होतो: संच मूळ डबीत पूर्ण असेल तर तो संच म्हणून विकावा, एकेक नाणे काढून विकू नये.

व्यापाऱ्याकडे पुन्हा जाल तेव्हा नाणी तीन गठ्ठ्यांत न्या: चांदीच्या भावाची, वेष्टनासह प्रूफ आणि कार्सन सिटीची दोन. मॉर्गनमध्ये 90 टक्के चांदी म्हणजे 0.7734 ट्रॉय औंस असते, ईगलमध्ये पूर्ण एक औंस आणि चांदीच्या आयझेनहॉवरमध्ये 0.316 औंस. त्या दिवसाचा चांदीचा भाव पाहून किमान रक्कम घरूनच काढून न्या. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनशी किंवा प्रोफेशनल न्यूमिस्मॅटिस्ट्स गिल्डशी संलग्न असलेल्या निदान दोघांकडून लेखी भाव घ्या आणि प्रत्येकाला दोन आकडे वेगवेगळे लिहून मागा, खोक्यांसह किती आणि खोक्यांशिवाय किती. दोन्ही आकडे सारखेच आले तर नाणी त्याला विकायला हरकत नाही, पण खोकी मात्र परत घेऊन या, कारण त्याने ज्यांचे काही दिले नाही ती त्याला देऊन टाकण्याचे कारण नाही, आणि रिकाम्या ईगल-डब्यांनाही ऑनलाइन गिऱ्हाईक असते.